सिंघीला सोबत

सर्वपित्री अमावास्येला आमच्या हरिदासमामांच्या गच्चीवर एक पान जास्त वाढलं जातं. ज्यांची तिथी कोणालाच आठवत नाही अशा सगळ्या नातेवाइकांचं एक पान असतं. त्याच्या बाजूला, पंगतीत बसायला थोडं लाजल्यासारखं, हे दुसरं. वरणभात, वडा, चमचाभर खीर. रायपूरला राहायला आलो त्या वर्षी मी विचारलं, "मामा, हे कोणाचं?"

मामा इकडेतिकडे पाहून म्हणाले, "बेडकांचं."

मला वाटलं, गंमत करून राहिले. पण मामांना गंमत जमत नाही. लोकांनी त्यांची केलेली तेवढी त्यांना जमते, म्हणजे ते ती सहन करतात.

हरिदासमामा एका खाजगी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट. उभी नोकरी बेडकांना क्लोरोफॉर्म देण्यात आणि मेणाच्या ट्रेवर त्यांचे हातपाय टाचण्यात गेली. इकडे घर असं की चातुर्मासात कांदा बंद, आणि अंड्याची गाडी पुरानी बस्तीच्या आमच्या गल्लीत शिरली तर सुशीलामामी नाकाला पदर लावून खिडकी लावते. त्या घरातलं तांदूळ-तूप सगळं बेडकांच्या जिवावर आलं, ही गोष्ट मामा स्वतः कधी विसरले नाहीत आणि मी त्यांना कधी विसरू दिली नाही.

"मामा, खीर गोड झाली. बेडूक किती लागले?"

"जेव चुपचाप, पोट्ट्या," मामी ओरडायची. मामा मात्र खरंच हिशेब करायला लागायचे आणि त्यांचा घास हातातच राहायचा. मग मलाच कसंतरी व्हायचं.

मामांचा एक नियम होता, तो कॉलेजात सगळ्यांना माहीत होता. प्रॅक्टिकल संपल्यावर टबात जर एकच बेडूक उरला, तर तो मामा मोजणीत धरायचे नाहीत. पिशवीत घालून मागच्या नाल्यात सोडून यायचे. "सगळे गेले, हा एकटा राह्यला. तो बोलंल कोणाशी?" असं त्यांचं म्हणणं. ही सवय त्यांच्या आईची. तिनं घरात एकटा जीव कधी आणू दिला नाही. पोपट आणायचा तर जोडी, गाय आणायची तर वासरासकट. एकट्या जिवाला घरात आणलं की तो जीव झुरतो आणि घराला लागतं, असं ती सांगायची. ती गेली, पण नियम मामांच्या अंगात राहिला. ते स्वतः एकटे जेवत नाहीत. मामी माहेरी गेली की वर माझ्या खोलीपर्यंत त्यांची हाक येते, आणि मी नवा रायपूरच्या ऑफिसातून यायचा असलो तर माझी वाट पाहत थंड ताटासमोर बसून राहतात.

पुढे कॉलेजात बेडूक कापणं बंद झालं. विद्यार्थी आता कॉम्प्युटरवर कापतात, तिथे रक्त येत नाही आणि मामांची गरजही पडत नाही. मामा रिटायर झाले, कॉलेजनं त्यांना ठेक्यावर पुन्हा ठेवून घेतलं. काम एवढंच की काचा पुसायच्या, बरण्यांमधलं फॉर्मलिन बदलायचं. मामांचे ते दिवस फार सुखाचे होते. अंगावर पापाची नवीन भर पडत नव्हती आणि जुनं एका पानावर भागत होतं.

मग गंधाली आली.

गंधाली रिसर्च करणारी मुलगी. बिलासपूरची, घरचं नाव मराठी, मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी. तिचा विषय सिंघी. सिंघी म्हणजे तळ्याच्या गाळात राहणारा, काळपट, मिशा असलेला, बिनखवल्यांचा मासा. पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो म्हणून थोड्या पाण्यातही जगतो. गालाजवळच्या काट्यात विष असतं. आजारातून उठलेल्याला लोक इकडे सिंघीचा रस्सा देतात, रक्त वाढतं म्हणतात. गंधालीला त्या रक्ताचंच काम होतं, पण वेगळ्या कारणासाठी. ती आजूबाजूच्या गावतळ्यांतल्या सिंघ्या आणायची, शेपटीजवळ सुई टोचून एक थेंब काढायची, काचेवर पसरायची, रंग द्यायची आणि मायक्रोस्कोपखाली पाहत बसायची. मासा परत टबात. कोणी मरत नव्हतं म्हणून मामाही खुशीनं मासा धरायला उभे राहायचे.

एक दिवस अभनपूरकडच्या एका तळ्यातली सिंघी तिच्या सुईखाली आली आणि गंधाली खुर्चीतून उठली. त्या रक्तातल्या पेशी बाकीच्यांपेक्षा मोठ्या होत्या. तिनं दुसरी काच केली, तिसरी केली. तसंच.

ह्याचा अर्थ काय, ते मला दिवाळीच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात बसून कळलं. माझं शिक्षण आमगावचं. तिथे जीवशास्त्राचे सर आणि पीटीचे सर एकच होते, त्यामुळे गुणसूत्रं म्हटलं की मला अजून सावधान-विश्राम आठवतं. गंधाली घरी आली होती ती मासा सोडायला. कॉलेजला सुट्टी लागत होती, लॅबच्या नळाचं काम निघालं होतं, ती बिलासपूरला चालली होती, आणि मासा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. मामांनी स्वतःहून म्हटलं होतं, "माह्या घरी ठेवा, बाई. पाण्याचा ड्रम आहे."

मामी चकल्या तळत होती. तिनं एक नजर बादलीकडे टाकली, एक मामांकडे, आणि म्हणाली, "दिवाळीत मासा? लक्ष्मी येईन का पळून जाईन?"

"खायला नाही वो, ठेवायला आहे."

"मग सांगा मले, ह्याच्यात असं काय सोनं आहे?"

गंधालीनं चकली मोडून ताटलीत मांडली. "देखो काकू, हर जीव को एक हिस्सा मां से मिलता है, एक बाप से. क्रोमोसोम का. सिंघी में दोनों मिला के छप्पन होते हैं. अब अंडे को मां का एक हिस्सा बाहर फेंकना होता है, तब जाके बराबर बैठता है. कभी पानी अचानक ठंडा-गरम हो गया, कभी अंडा बासी हो गया, तो वो फेंकना रह जाता है. फिर बच्चे में तीन हिस्से. मुझे लगता है इसमें तीन हैं."

मामीनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "म्हणजे मायनं लेकराच्या ताटात एक वाढ जास्त घातली."

गंधाली हसली. "हव काकू, बिल्कुल वही!"

"मग मोठं झालं पाहिजे हे."

"बाहर से कुछ पता नहीं चलता. पेशी मोठ्या, मासा तेवढाच." एवढं एक वाक्य तिच्या तोंडून मराठीत आलं. पुढे ती म्हणाली की अशा माशाला बहुतेक पिल्लं होत नाहीत, हॅचरीत लोक मुद्दाम असे मासे करतात, पण तळ्यात कोणी न करता आपोआप झालेला सापडणं विरळा. रक्त फक्त इशारा देतं. तिच्या गाइडनं, शिशिर सरांनी, सांगितलं होतं की गुणसूत्रं मोजून दाखव, तेव्हा मानतो. त्यासाठी माशाला एक औषध टोचायचं असतं, त्यानं पेशी फुटता फुटता मधेच थांबते आणि आतलं मोजता येतं. ते औषध मागवलं होतं, दिवाळीनंतर येणार होतं.

"औषध टोचल्यावर मासा?" मामांनी विचारलं.

गंधालीनं चकली खाल्ली. "गुर्दे से कोशिका निकालनी पड़ती है, काका."

म्हणजे मासा जाणार, हे मामांना कळलं. जाताना गंधालीनं ड्रमवर कागद चिकटवला, त्यावर तळ्याचं नाव आणि माशाचा नंबर. नाव ड्रमला लागलं. माशाला काही लागलं नाही. लागायची गरजच नव्हती, ड्रमात एकच तर मासा होता.

तिथेच सगळं बिघडलं. एकच मासा होता ना.

पहिल्या दिवशी मामा चारदा झाकण उघडून आले. दुसऱ्या दिवशी ड्रमपाशी पाट टाकून बसले. घरात दिवाळी, मामीच्या बहिणी आलेल्या, गल्लीत फटाके, आणि मामांचा चेहरा सुतक असल्यासारखा.

"ती खाऊन नाही राह्यली," मला म्हणाले.

"मामा, सिंघी आहे. थंडीत कमी खाते."

"एकटी आहे म्हणून. थोड्या दिवसांची सोबतीण आहे बिचारी, तेवढे दिवसही एकटीनं काढायचे?"

मी थट्टेनं म्हणालो, "मग स्थळ पाहा."

हे मी म्हणायला नको होतं. भाऊबीजेच्या सकाळी हरिदासमामा, ज्यांनी जन्मात मच्छी बाजाराच्या बाजूनं सायकलसुद्धा नेली नव्हती, ते माझ्या स्कूटरवर मागे बसून, तोंडाला रुमाल बांधून तिथे गेले. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून रुमाल. भेटले तिघे, आणि तिघांनी रुमालासकट ओळखलं.

मासळीवाल्या बाईनं पाण्याच्या घमेल्यात हात घालून एक मोठी सिंघी उचलली. मामा म्हणाले, "एवढी बडी नहीं. बडी दूसरे को मारती है. बराबरी की दो."

बाई मामांकडे पाहतच राहिली. "रांधे बर ले जाथस के पोसे बर, बबा?" रांधायला नेता का पाळायला, असं तिचं म्हणणं.

"सोबत के लिए," मामा म्हणाले.

तिनं मग मामांच्या दोन बोटांच्या मापाप्रमाणे, रंगानं लांबीनं अगदी घरच्या सिंघीसारख्या, दोन निवडून दिल्या. मामा खूश. मी सांगतो, सख्ख्या बहिणीही इतक्या सारख्या नसतात. घरी येऊन त्यांनी त्या ड्रममध्ये सोडल्या, हात जोडले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

दुपारी मी झाकण उघडलं. आत तीन सिंघ्या. एकीनं वर येऊन हवा घेतली, खाली गेली. दुसरीनं घेतली, खाली गेली. तिसरीनं घेतली.

"मामा," मी म्हटलं, "आपली कोणती?"

मामा वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"ही," ते म्हणाले. "ही मले पाहून वर येते."

"तिन्ही येऊन राहिल्या. त्यांना हवा लागते."

"हिची नजर वेगळी आहे."

मी तेव्हा हसलो. माझ्या हसण्यानं त्यांना धीर आला असावा, म्हणजे गोष्ट हसण्याएवढीच आहे असं वाटलं असावं. गंधालीला फोन करा, असं मी म्हटलं होतं, पण एकदाच आणि तेही चिवडा खात. मामा म्हणाले, "पोट्टी घरी गेली आहे सणाला. काहून तिच्या जिवाला घोर? मी ओळखतो ना."

कॉलेज उघडायच्या सकाळी मामांनी ड्रममध्ये हात घातला, 'नजर वेगळी' असलेली सिंघी पकडायला. तिनं काटा मारला. मामांचा हात कोपरापर्यंत सुजला. गरम पाण्यात हात बुडवून बसले असताना त्यांच्या चेहऱ्यावर वेदना होती, आणि मला उगाच वाटलं की थोडं समाधानही होतं, कुठेतरी काही देणं चुकतं केल्यासारखं. दुसऱ्या हातानं त्यांनी ती सिंघी बादलीत घातली आणि लॅबमध्ये नेली. गंधालीनं विचारलं, "ठीक से रही ना, काका?" मामा म्हणाले, "हव बाई, मजेत." तेवढंच. 'एक मिनिट थांबा' एवढे तीन शब्द त्यांच्याकडे होते, ते त्यांनी काढले नाहीत. औषध टोचलं, सिंघी गेली, काचा झाल्या, आणि गंधाली मोजायला बसली.

छप्पन्न. पुन्हा मोजलं, छप्पन्न. एका पेशीत, दुसऱ्या पेशीत, सगळीकडे साधं छप्पन्न.

त्या दिवशी लॅबमध्ये काय झालं ते मामांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, तेही मामी पोळ्या लाटत असताना, तिच्या पाठीकडे पाहून. शिशिर सर वाईट माणूस नव्हेत. पण त्यांनी गंधालीच्या शब्दावर विश्वास ठेवून बाहेर दोन ठिकाणी सांगून टाकलं होतं की आमच्याकडे असा मासा सापडला आहे. आता त्यांना परत फोन करावे लागले. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "गंधाली, लगन अच्छी है, नज़र कच्ची है." आणि गंधालीनं त्यांची माफी मागितली. मामा कपाटापाशी फडकं घेऊन उभे होते.

त्यानंतर त्या मुलीचं काहीतरी मोडलं. जी काच ती एका नजरेत सांगायची, ती आता दहादा पाहायची आणि तरी लिहायची नाही. येत्या सोमवारी सरांबरोबर बसून विषयच बदलायचा, असं ठरलं. बाजारात कोणकोणते मासे विकायला येतात ते नोंदवायचं, त्यात नजर लागत नाही.

आणि मामा? मामांनी तिची अशी सेवा सुरू केली की पाहवेना. तिच्यासाठी चिवड्याचा डबा, तिच्या काचा दोनदा पुसून, चहात साखर जास्त. अपराधी माणसाला दुसरं काही सुचत नाही. एक दिवस ती म्हणाली, "काका, आप ही हो जो अब भी मुझ पर भरोसा करते हो." घरी येऊन हे सांगताना मामांच्या तोंडातला घास बाहेर आला.

मामीनं लाटणं खाली ठेवलं. ड्रममध्ये दोन मासे शिल्लक का आहेत, हा प्रश्न तिला बरेच दिवस पडला होता. आता तिनं सरळ विचारलं, आणि मामांनी सरळ सांगितलं.

"म्हणजे तिची ती तीन वाढींची मासोळी," मामी सावकाश म्हणाली, "आपल्या ड्रममध्ये हाये."

"असंल. नसंलही. मले नाही माहीत."

"आणि पोट्टी तिकडे स्वतःले आंधळी समजून राहिली."

मामांनी ताटातली पोळी दुमडून ठेवली.

"काहून नाही सांगत तिले?"

"सांगितलं तर ह्या दोघींतली एक जाईन, सुशीला. एक तर उगाच गेलीच, माह्या हातानं. जिचं काही काम नव्हतं ती. मी तिले बाजारातून सोबतीला आणली आणि नेऊन मारली. आता अजून एक? निदान हा जीव तरी वाचू दे."

मला वाटलं मामी आता विरघळणार. मामीचं तसं असतं, मामांचे डोळे भरले की तिचेही भरतात. पण ती म्हणाली, "तुम्ही जीव वाचवून राहिले का तोंड?"

मामा उठून हात धुऊन आले आणि जेवले नाहीत.

विषय बदलायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मामा माझ्या खोलीत आले. हातात झाकणाची बादली. "गाडी काढ. तेलीबांध्याच्या तलावावर जायचं आहे." मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण मलाही वाटलं, सोडून आले की मामा जेवतील. मी किती लवकर राजी झालो, ते आठवलं की अजून मान खाली जाते. गंधालीचं काय, हा विचार रस्त्यात मला आला नाही असं नाही. आला, आणि सिग्नल सुटला.

तलावाच्या काठावर रविवारची गर्दी. चालणारे, पळणारे, पोहे खाणारे, फोटो काढणारे. मामा पायऱ्यांवर बादली घेऊन बसले तशी लोकांनी जागा करून दिली. मासे सोडणारा माणूस म्हणजे ग्रह शांत करायला आलेला, हे सगळ्यांना माहीत. ट्रॅकसूटमधल्या एका गृहस्थांनी आपल्याकडची कणकेची गोळी मामांपुढे धरली. "ये भी डाल दीजिए, अंकल. शनि है कि राहू?"

मामा म्हणाले, "दोन्ही नाही."

"फिर?"

मामांनी झाकण उघडलं. दोन सिंघ्या, मिशा हलवत. एकीनं तोंड वर करून हवा घेतली. मामा हिच्याकडून तिच्याकडे पाहत राहिले. एका बादलीत ते दोन मासे नव्हते, एक मासा आणि एका मुलीची नजर होती, आणि कोणतं काय ते त्यांना सांगता येत नव्हतं. बादली थोडी कलली. पाणी पायरीवर सांडलं. गृहस्थांनी भक्तिभावानं चप्पल काढली.

मग मामांनी झाकण परत लावलं.

"क्या हुआ, अंकल?"

"मुहूर्त नहीं है," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "गाडी फिरव. गंधाली मागच्या कॉलनीत राहते."

ती खाली आली तेव्हा केस ओले होते, हातात ब्रश. बादली पाहून आधी हसली. मामांनी फाटकाबाहेर उभ्यानंच सगळं सांगितलं. बाजार, सोबत, बरोबरीच्या मापाच्या दोन, नजर वेगळी, छप्पन्न. स्वतःच्या बाजूचं काहीच सांगितलं नाही, आईचा नियमसुद्धा नाही. मी मधे म्हणायला गेलो की मामांनी हे दयेपोटी केलं, तर त्यांनी सूज उतरलेला तो हात माझ्या दंडावर ठेवून मला थांबवलं.

गंधालीच्या चेहऱ्यावरचं हसू आधी गेलं, मग राग आला, मग तोही मावेना.

"काका, मैंने सर से माफ़ी मांगी. आप वहीं खड़े थे."

"हव बाई."

"आप वहीं खड़े थे, काका. कपड़ा लेके."

"हव."

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती चप्पल घालून आली आणि म्हणाली, "लॅब की चाबी है?"

लॅबमध्ये रविवारचा शुकशुकाट. मामांनी पहिली सिंघी धरली, गंधालीनं टोचलं, काच केली, रंग दिला. पहिली काच तिनं पाहिली आणि बाजूला ठेवली. मग दुसऱ्या सिंघीची ठेवली, डोळा लावला. बराच वेळ डोळा काढला नाही. तिच्या मानेवरून कळत होतं की ती रडते आहे, पण हात चाक फिरवत होता.

"हीच का?" मामांनी विचारलं.

"हीच," गंधाली म्हणाली.

मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल. ते बादलीकडे पाहत होते. "एका थेंबावर नाही भागणार?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"सर मानेंगे? एक बार गलत निकल चुकी हूं मैं." मग म्हणाली, "आप रहने दीजिए. मैं किसी और से पकड़वा लूंगी."

ह्या वाक्यानं मामांना जेवढं लागलं तेवढं त्या काट्यानंही नसेल लागलं. उभ्या नोकरीत जीव त्यांनीच धरले होते, आणि सगळ्यांनी त्यांनाच हाक मारली होती. ते म्हणाले, "नाही बाई. मीच धरतो. मीच तिले ह्या दारापर्यंत आणली."

सोमवारी सकाळी सर यायच्या आधी मामा त्यांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिले आणि गंधालीच्या आधी स्वतः सांगितलं. सर बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आगे से मछली घर नहीं जाएगी." ठेका तोडला नाही, आवाज चढवला नाही. शिक्षा झाली नाही हेच मामांनी मनाला लावून घेतलं. कापून घेतला असता एखादा पगार, तर बरं झालं असतं, असं ते मामीला म्हणाले. मामी म्हणाली, "सगळं सोपं करून पाहिजे तुम्हाले."

मग औषध टोचलं. मामांनी धरलं. गंधाली मोजायला बसली, आणि ह्या वेळी शिशिर सरही शेजारी स्टूल ओढून बसले. चौऱ्याऐंशी. तीन वाटे, अठ्ठावीसचे. सरांनी पुन्हा मोजलं आणि मायक्रोस्कोपवरून डोकं वर करून गंधालीला म्हणाले, "नज़र मेरी कच्ची थी." ती हसली. मामा फडकं घेऊन कपाटापाशी होते, तिथूनच त्यांनी पाहिलं.

विषय बदलला नाही. गंधाली आता पुन्हा एका नजरेत काच सांगते. मामांना अजून काकाच म्हणते, चिवडा खाते, मामीला हव-हव करते. फक्त एक झालं. आता प्रत्येक सिंघीच्या पराला ती आल्याबरोबर बारीक खाच पाडते, आणि मामांनी बादली आणून ठेवली की आधी स्वतः झाकण उघडून आत पाहते. रागानं नाही, सवयीनं. पूर्वी पाहत नव्हती. मामा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून काचा पुसतात. मी एकदा म्हटलं, "मामा, ते तिचं कामच आहे." ते म्हणाले, "हो ना. मी लावलं तिले."

उरलेली एक सिंघी, बाजारातली, साधी, ड्रममध्ये एकटी राहिली. मामांना तिला सोबत आणायची हिंमत झाली नाही आणि एकटं ठेवायचीही नाही. एका सकाळी मी तिला अभनपूरकडच्या त्या तळ्यात सोडून आलो. मामा आले नाहीत. तिथे बाकीच्या आहेत का, एवढं परत आल्यावर विचारलं. आहेत म्हटलं. पाण्यात मला काही दिसलं नव्हतं.

यंदाच्या सर्वपित्रीला गच्चीवर बेडकांचं पान होतंच. त्याच्या काठाशी मामांनी भाताचे दोन छोटे गोळे ठेवले. मामी वरण घालायला वाकली आणि थांबली.

"कोणता कोणाचा?"

मामांनी आधीच तयारी केली होती. एका गोळ्यावर काळा तीळ दाबला होता. तीळ असलेला आधी गेलेल्या बाजारातल्या सिंघीचा, जिला कोणी बोलावलं नव्हतं. मामीनं दुसऱ्या गोळ्यावर वरण घातलं, एकदा, दोनदा, आणि मग मामांकडे न पाहता तिसऱ्यांदा.

कावळा येईपर्यंत मामा हात जोडून उभे राहिले. मी ह्या वर्षी काही विचारलं नाही.